पाच बर्नरचा गॅस

मिक्सर दुरुस्तीला देऊन मी भंडारा शहरातल्या एका दुकानात थांबलो होतो. शेजारी एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून नव्या स्वयंपाकघरासाठी गॅस पाहत होते.

“प्रतिक्षा, लवकर सांग ना. मिस्त्री घरी थांबून राहिला.”

“पाच बर्नरचाच घेऊ. ओट्यात फिट होते अन् दिसते बी मस्त.”

“दुकानदार भाऊ, हा गॅस खाली जमिनीवर ठेवता येते का?”

“माय, तू चूप राह्य ना! पन्नास हजाराचा गॅस आहे हा.”

“असू दे. मले बसूनच रांधता येते. उभं राहिलं का गुडघे थरथरतेत.”

“आई, आता सगळे उभ्यानंच करतेत.”

“तुम्ही दोघं सकाळी सातलेच ड्युटीवर जाता, बाई. मंग उभं कोण राहीन?”

“प्रतिक्षा, मिस्त्रीचा फोन आला. ओटा किती उंच बांधू, विचारून राहिला.”