गिनीपिगची गादी

तुम्ही हसाल, पण आमच्या घरी एक गिनीपिग कापसाच्या गादीवर झोपत होता. कापसाला भाव नव्हता, त्या वर्षीची गोष्ट. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. लेकीनं यवतमाळहून गिनीपिग आणला, तेव्हा पिंजऱ्यात अंथरायला दुसरं काय शोधायचं? आमच्या ह्यांनी पहिल्या वेच्यातला पांढराशुभ्र कापूस स्वतः निवडून अंथरला.

तिसऱ्या दिवशी गिनीपिग काही खाईना. लेक रडायला लागली. तिघंही त्याला घेऊन एसटीनं दिग्रसला, गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याच्या तोंडातून कापसाचा ओला बोळा काढला.

"कापूस कायले टाकला? पोटात गेला असता तर मेला असता. कोरडं गवत टाका."

"साहेब, एक नंबर माल हाये," हे म्हणाले. "काडीकचरा दिसनार नाई त्याच्यात."

डॉक्टरांनी दिलेलं गवत गिनीपिग चावू लागला, तशी लेक हसली. हे मात्र परतताना एसटीत म्हणाले, "व्यापारी नाई म्हनते, सरकार नाई म्हनते. आता हा उंदीरबी नाई म्हनते."

मी म्हटलं, "अहो, त्यानं निदान चाखून तरी पाह्यला!"