हॅलोच्या पुढे

नणंद : मघापासून बघतेय मी. तिसऱ्या डब्याचा तो डावीकडचा दिवा ठरावीक अंतराने एकदा लुकलुकतो आणि गप्प बसतो. बाकीचे कसे भरभर लुकलुकतायत. हा मात्र एकदा. मग काही नाही. मग परत एकदा.

वहिनी : डबा नाही, राउटर. आणि उत्तर सुचवायचं नाही असं ठरलंय आपलं.

नणंद : सुचवलं कुठे? निरीक्षण नोंदवलं. इतकी वर्षं मुलांकडून रसायनशास्त्राचे प्रयोग करून घेतेय, तोंडातून निघतंच.

वहिनी : निरीक्षण बरोबर आहे तुझं. तिसरा आणि चौथा थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना हॅलो पाठवतायत. खरंच, त्या संदेशाचं नावच हॅलो. ओळख पटली, की आपल्याला कुठले कुठले रस्ते माहीत आहेत ते त्यांनी एकमेकांना सांगायचं. तिथे घोडं अडलंय.

नणंद : जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांसारखं. काय, बरं ना? बरं. आणि दार बंद.

वहिनी : केबल ठीक आहे. पत्ते ठीक आहेत. पासवर्ड जुळतोय. मागच्या रविवारी तू सरळ केबल उपटून ठेवली होतीस, ते बरं होतं.

नणंद : उपटली नव्हती, ढिली केली होती. त्यात कला असते.

वहिनी : आज काय केलंस?

नणंद : वा गं वा! परीक्षक असं सांगतो का? शोध. चहा ठेवू?

वहिनी : आधीचाच तसाच आहे.

नणंद : त्यावर साय धरली. बरं, तारीख घेतलीस?

वहिनी : हा दोष सापडू दे.

नणंद : मागच्या रविवारी म्हणालीस, तो दोष सापडू दे. सापडला. त्याआधी म्हणालीस, आमच्या हॉस्पिटलमधलं नेटवर्क एकदा सुरळीत होऊ दे. तेही झालं. नमनाला किती घडे तेल ओतणार आहेस? आज शेवटचा दिवस ना?

वहिनी : हो. आज संध्याकाळपर्यंत नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलची तारीख नोंदवली नाही, तर पास झालेली लेखी परीक्षाही रद्द. पुन्हा पहिल्यापासून.

नणंद : आणि हॉस्पिटलची ती नवी इमारत?

वहिनी : तिचं नेटवर्क उभारायचं काम मग दुसऱ्या कुणाकडे जाईल. ही परीक्षा पास झालेला माणूस हवाय त्यांना.

नणंद : आणि तू इथे बसून दिवे बघतेयस.

वहिनी : दिवे तू बघतेयस.

नणंद : विषय बदलू नकोस. दादाला घाबरतेस?

वहिनी : घाबरायला तो काय ओरडणार आहे? ओरडला असता तर सोपं होतं. दोनदा बसला तो या परीक्षेला. दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा ही सगळी यंत्रं जुन्या चादरीत गुंडाळली आणि तुझ्याकडे आणून टाकली.

नणंद : "भंगारवाल्याला दे" म्हणाला. मला वाटलं, चार दिवसांनी राग उतरेल, मग मागायला येईल. म्हणून ठेवली.

वहिनी : राग नव्हताच तो. मला पहिली केबल जोडायला त्याने शिकवलं, माहितीये? आतल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम पाढ्यांसारखा घोकून घेतला माझ्याकडून. आणि आता त्याच्याच राउटरवर, त्याच्याच बहिणीच्या घरात, त्याच्याच चोरून मी अभ्यास करतेय. पास झाले तर घरी जाऊन सांगू काय?

नणंद : आणि नापास झालीस तर?

वहिनी : ते सांगणं सोपं आहे.

नणंद : छान! म्हणजे नापास व्हायची तयारी पक्की झालीय.

वहिनी : थांब. जरा गप्प बस.

नणंद : बसले.

वहिनी : हॅलो होतोय. पण देवाणघेवाणीच्या अगदी पहिल्या पायरीवर दोघंही अडकून आहेत. पुढेही नाही, मागेही नाही. या पायरीवर... अगं, आकार!

नणंद : कसला आकार?

वहिनी : एका वेळी माहितीचं जास्तीत जास्त केवढं पॅकेट घ्यायचं, तो आकडा. दोन्हीकडे सारखा लागतो. हॅलोमध्ये तो आकडा नसतोच, म्हणून हॅलो बिनबोभाट चालतो. पुढच्या पायरीवर दोघं आपापला आकडा सांगतात आणि तिथे बिनसतं. हे बघ, तिसऱ्यावर मोठा, चौथ्यावर कमी केलेला. आता हा सारखा केला की...

नणंद : अय्या! लागला की भरभर लुकलुकायला! मला तर मुलाच्या निकालाएवढा आनंद झाला. वहिनी? अगं, तोंड का पाडलंस?

वहिनी : वन्सं, हे तुम्ही केलेलं नाही.

नणंद : अहोजाहो सुरू झालं. आता माझं काही खरं नाही.

वहिनी : कुठल्या राउटरवर काय बदललंस, सांग.

नणंद : त्या... चौथ्यावर. आकार.

वहिनी : ते आत्ताच माझ्याकडून ऐकलंस. हा दोष तुला सुचणारा नाही. त्याच्या दुसऱ्या खेपेच्या परीक्षेहून आम्ही परत आलो, तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत तो एकच वाक्य बोलला होता. "सगळं तपासलं, आकार तेवढा बघितला नाही." माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही ते.

नणंद : शुक्रवारी आला होता.

वहिनी : तू सांगितलंस त्याला!

नणंद : शपथ, एक अक्षर नाही! दार उघडलं तर सरळ आत गेला आणि या टेबलाशी बसला. चष्मा विसरून आला होता, माझा लावला. उठताना म्हणाला, "रविवारी तिला यावर बसव." तिला म्हणजे कुणाला, हेसुद्धा मी विचारलं नाही. म्हटलं, आपण भोळं राहावं.

वहिनी : चिडला होता?

नणंद : तूच विचार. येईलच इतक्यात. आज येतो म्हणाला होता.

(बेल वाजते. नणंद दार उघडते. तिचा भाऊ आत येतो.)

दादा : सापडला?

नणंद : या. खरे परीक्षक आले.

वहिनी : सापडला.

दादा : किती वेळ लागला?

वहिनी : बघितलं नाही.

दादा : तू? आणि वेळ बघितला नाहीस? सांग, मी काही मोडून पडत नाही.

वहिनी : अर्ध्या तासाच्या आत.

दादा : हं. माझी तिथे अख्खी दुपार गेली.

वहिनी : तुला कळलं कसं?

दादा : तू विचारायची थांबलीस. जेवताना रोज कामातलं काहीतरी विचारायचीस. हे असं का होतं, ते तसं का बंद पडलं. वर्ष होऊन गेलं, एक प्रश्न नाही. म्हटलं, हिच्या शंका अशा एकदम कशा मिटल्या? कुठेतरी शिकवणी चालू असणार.

नणंद : माझ्याकडे! मला राउटर आणि बिस्किटांचा डबा यांतला फरक अजून कळत नाही.

दादा : शिवाय दर रविवारी ही तुझ्याकडे येणार आणि परत आल्यावर तुझी एकही चुगली करणार नाही. असं कधी नणंद-भावजयीत झालंय?

वहिनी : मग बोलला का नाहीस?

दादा : काय बोलणार? वाईट वाटलं होतं. खोटं कशाला सांगू? तू परीक्षेला बसावंस असंही वाटायचं आणि बसू नयेस असंही. शुक्रवारी इथे हा दोष घालताना हात थांबला माझा. मनात आलं, हिलाही नाही सापडला, तर आपल्याला बरं वाटेल का?

वहिनी : वाटलं असतं?

दादा : नसतं. बराच वेळ बसलो होतो इथे, ते ठरवायला. मग घातला.

नणंद : आणि माझा चष्मा डोक्यावर घेऊन निघून गेलास. तो आणलायस का?

दादा : खिशात आहे.

वहिनी : अरे, तू पण बस ना पुन्हा. दोघं मिळून करू अभ्यास.

दादा : नको. लोकांना नेटवर्कसाठी काय विकत घ्यावं आणि काय घेऊ नये ते समजावून सांगायचं हे माझं काम मला आवडतं. ते मान्य करायलाच वेळ गेला. पण दोष घालून द्यायला येत जाईन. हिच्या भरवशावर राहिलीस तर केबल खोचण्यातच पटाईत होशील.

नणंद : घ्या! इतके रविवार राबले, त्याचं हे फळ.

दादा : तारीख कुठली घेतलीस?

वहिनी : बघू. आणखी दोन-चार रविवार...

नणंद : बघू! हिचं बघू ऐकून कान किटले माझे. दादा, आज संध्याकाळी मुदत संपतेय.

दादा : माहितीये. शुक्रवारी या टेबलावर तुझा लेखीचा निकाल होता, त्यावर मुदत वाचली. म्हणून तर आज आलो. केंद्र लांब आहे, मी सोबत येतो. बाहेर थांबेन.

वहिनी : दिवसभर बाहेर करणार काय?

दादा : माझ्या वेळी तू काय केलंस?

वहिनी : समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. दुकानदार सारखा येऊन विचारायचा, काही हवंय का. शेवटी एक छत्री घेतली त्याच्याकडून.

दादा : ती निळी? अगं, ती पहिल्याच पावसात उलटी झाली!

वहिनी : लाजेने घेतली होती. बघून कोण घेतंय?

दादा : बरं. मीही घेईन काहीतरी. दे तो लॅपटॉप इकडे, नोंदवून टाकतो. तू तारीख सांग फक्त.

वहिनी : नको. सरक जरा. माझी मी नोंदवते. मी बसतेय परीक्षेला.