भाकर उतरती की

१९९४च्या मार्चमध्ये माझे वडील, अण्णा, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत आले, तो शेवटचा दिवस. नगरला घशाच्या डॉक्टरांकडे आम्ही नंबर लावून बसलो होतो. शेजारी ऊसतोडीचं एक जोडपं होतं.

“आत गेल्यावर भाकर उतरत न्हाई म्हनून सांगा.”

“उतरती की. कालवनात कुस्करली का उतरती.”

“दिवाळीपास्नं कुस्करताय. तान्हं लेकरू हाय का तुमी?”

“तवाच सांगितलं असतं तर जोडी मोडली असती. एकट्या बाईला मुकादम फडात ठेवतो व्हय?”

“मला तरी सांगायचं.”

“तू रडली असती.”

“मंग आता काय हसती व्हय मी?”

अण्णाही ऐकत होते. मी त्यांचा हात धरला.

“अण्णा, तुमचा घास अडकतो हे मला दिसत होतं. भीती वाटायची, म्हणून मी विचारलं नाही.”