काचेचा द्रोण आणि साच्याच्या बुडाचं कुंकू

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा बेबीताई, मंचावर बसलेले सरपंच दौलतसिंगभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या धम्मदीपा मॅडम, आणि किन्हीराजाच्या माझ्या मायबहिणींनो,

देवाचं नाव घेऊन दोन शब्द बोलते. मी दहावी शिकलेली, माईकची सवय नाही.

मॅडमनी आमच्या बचत गटाला भट्टीतलं काचकाम शिकवलं. तापून मऊ झालेली काच साच्यात बसते आणि साच्याचा आकार घेते. मॅडमना पाठवणाऱ्या संस्थेचा नियम असा, की गटाला मॅडमशिवाय काम जमलं तरच भट्टी गावात राहील. साचे विकत आणायची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, माती घरची, हात घरचे. इकत कायले?"

पळसाच्या द्रोणात आतून माती थापली, हवा निघायला बुडाला दाभणानं भोक पाडलं, साचा भाजला, काच चिकटू नये म्हणून पांढरा लेप दिला. पण नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय भट्टीत कशी सोडायची, तुम्हीच सांगा? कुंकू तुपात कालवून साच्याच्या आतल्या बाजूला ठसठशीत बोट ओढलं. काच नेमकी तिथेच चिकटली. काढायला गेलो तर साचाही फुटला, काचही.

मॅडम बौद्ध. मला वाटलं, आता आमच्या पूजेला बोल लावतील. मी रडत म्हटलं, "देव कोपला, मॅडम."

"देव नाही ताई, तूप! तुपानं लेप निंगते. कुंकू साच्याच्या बुडाले लावा ना, बाहेरून. तिथं काच येत नाही."

मागून आमच्या गटातली पंचफुला म्हणते, "घ्या! मॅडम देवालेही जागा दाखवून राह्यल्या!" सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या.

मला काही टाकून देणं होत नाही. फुटका साचा कुटला, चाळला, नव्या साच्याच्या मातीत मिसळला. त्यानं तडा कमी जातो, हे मॅडमनी मागून सांगितलं.

मॅडम, परवा तुमच्या माघारी आम्ही भट्टी लावली. तुम्हाला फोनसुद्धा केला नाही. तुम्ही सांगायच्या, पूर्ण गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. पंचफुला दहादा म्हणाली, "उघडू का वो?" उघडू दिलं नाही. आज सकाळी उघडलं, द्रोण अख्खा निघाला. संस्थेच्या साहेबांनी पाहिलं. भट्टी किन्हीराजातच राहणार.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर घरची समजून पोटात घाला.

मॅडम, हा द्रोण तुमचा. हात लावून पाहा. गार झाला आहे.