अक्काचा फेरा

हिवाळ्यात सगळ्या घराला वनउद्यानातल्या टेकडीभोवती फिरवायचं मी ठरवलं. माझ्या गुडघ्याला उतार सोसत नाही, म्हणून आधी एकटा जाऊन वाट पाहून आलो. उजवीकडून निघायचं, खडी बाजू चढून जायची आणि सौम्य उताराने फाटकाशी परत यायचं.

निघताना थोरली बहीण अक्का थांबली. "भाऊ, माथ्यावर देवी शे. उलटा फेरा कोन घालस रे?"

"अक्का, आपण फिरायला आलोय."

"तू फिर. मी फेरा घालस."

सगळं घर अक्कामागे, देवी उजव्या हाताला ठेवत, डावीकडून निघालं, मीही निघालो. खडा उतार मी बसत, घसरत उतरलो.

फाटकाशी म्हणालो, "अक्का, गुडघा गेला माझा."

अक्का हात जोडून म्हणाली, "हाऊ फेरा तुना गुडघासाठेच व्हता ना, भाऊ."