बहात्तर सुतांचा दोर

धाकटी : पहिल्या पेडात एकोणीस सुतं, दुसऱ्यात एकोणीस, तिसऱ्यात अठरा. मिळून छप्पन्न. दोनदा मोजली. असायला हवी होती बहात्तर.

दादा : तुला दोर उसवायला कोणी सांगितलं होतं?

धाकटी : आणि प्रत्येक पेडाच्या पोटात हे काळं. जुनी पोती वितळवून काढलेलं प्लास्टिक. हे ओढ. नुसतं बोटांनी ओढ, दादा.

दादा : तुटतं ते. माहितेय मला.

धाकटी : मग घातलंस कशाला?

दादा : दोर हाताला जाड लागावा म्हणून. झालं समाधान? आता तो तुकडा कचऱ्यात टाक आणि दारातून बाजूला हो. ठेकेदार येतोय, गाडी भरायचीय.

धाकटी : त्याचे रंगारी या दोरावर बसून दहाव्या मजल्याच्या भिंती रंगवतात. पोत्यांवर टांगणार आहेस तू त्यांना.

दादा : नोकरी सुटून तू घरी आलीस, त्या आठवड्यात जेवता जेवता काय म्हणाली होतीस? माणूस ऐंशी किलोचा आणि आपला दोर दोन हजार किलोला तुटतो. पंचवीसपट. ‘आबा कारखाना चालवताना उगाच सूत उधळत होते.’ शब्द कोणाचे?

धाकटी : माझे.

दादा : मग?

धाकटी : तो सरळ दोराचा हिशोब होता. नवा, कोरडा, गाठ नसलेला. गाठ मारली की जवळजवळ निम्मी ताकद जाते. आणि माणूस सटकून हातभर जरी खाली आला तरी झटका सातशे किलोपर्यंत बसू शकतो. हे मी बोलले नाही, कारण मी जेवताना गप्पा मारत होते. तुला कारखाना चालवायला शिकवत नव्हते.

दादा : वा. तुमच्या त्या गप्पा. आणि आम्ही येडे, शास्त्र शिकलेली बहीण बोलली म्हणून खरं धरून चाललो.

धाकटी : खोटं बोलू नकोस. मी म्हणाले म्हणून नाही केलंस. तुला करायचंच होतं, माझं वाक्य सोयीचं पडलं.

दादा : हो, पडलं. बांधकामं बंद, बंदरावरची मागणी बंद, सहा यंत्रांतली चार झाकून ठेवलीत. पलीकडच्या गल्लीतल्या पाइपवाल्याने सगळी माणसं घरी पाठवली आणि स्वतः सुखाने झोपतो. मी एकालाही काढलं नाही. अकरा जण होते, अकरा आहेत. ते या काळ्या सुतावर जेवतात. तूही जेवतेस.

धाकटी : घरातलं जेवण काढू नकोस.

दादा : काढणार. पाच महिने झाले तू घरी बसून. मी कधी विचारलं का, पुढे काय म्हणून? तुझ्या वहिनीने कधी तोंड वाकडं केलं? आणि आज मला चोर म्हणायला उभी राहिलीस.

धाकटी : चोर म्हणाले नाही अजून.

दादा : मग म्हण. तेवढंच राहिलंय.

धाकटी : तुझ्या अकरा जणांना तू सांगितलंस, त्यांची चूल कशाने पेटते? यंत्रावर ते काळं सूत लावणाऱ्याने विचारलं नाही, हे कोणासाठी?

दादा : त्याने विचारलं नाही. तो खाली बघून लावतो. मीही खाली बघतो. खूश?

ठेकेदार : येऊ का आत? की घरचं भांडण संपेपर्यंत बाहेर गाडीला वारा घालत बसू?

दादा : या हो. काही नाही, बहिणीला आमच्या काम नसलं की ती दोर मोजते.

ठेकेदार : मी दारात बराच वेळ आहे, मालक. पोत्यांपासून पुढचं सगळं ऐकलं.

धाकटी : मग बरं झालं. ठेकेदार, तुम्ही आधीपेक्षा निम्म्या दरात दोर मागितलात. निम्म्या दरात काय येतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

ठेकेदार : विचारलं नाही मी, ताई. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

धाकटी : कमाल आहे.

ठेकेदार : कमाल कसली? मला तरी कोण पूर्ण दर देतंय? सोसायटीवाले म्हणतात, एवढ्यात रंगवा, नाहीतर दुसरा आहे. दुसरा खरंच असतो हो, खालीच उभा असतो. जुने दोर घासून घासून केसाळ झालेत, ते वापरू का? निदान हे नवे आहेत.

दादा : ऐकलंस? घेणाऱ्याला चालतंय.

धाकटी : घेणारा खाली उभा राहणार आहे.

ठेकेदार : ताई, माझा मेव्हणा वर बसतो. उगाच बोलू नका.

धाकटी : मग उगाच नको. मागे ताण द्यायचं यंत्र आहे. या तुकड्याला गाठ मारून ओढू. आकडा मी वाचणार नाही, दादाही नाही. तुम्ही वाचा.

दादा : आणि सातशेच्या वर गेला तर?

धाकटी : तर गाडी भर.

दादा : आणि तू एक शब्द काढायचा नाहीस. ना आज, ना सणाच्या दिवशी, ना मी मेल्यावर.

धाकटी : नाही काढणार.

दादा : लाव.

(यंत्राची मोटर सुरू होते. दोर करकरतो. मग फटकन आवाज.)

ठेकेदार : काटा थांबलाय. सातशे एकतीस.

दादा : परत वाचा. मोठ्याने.

ठेकेदार : सातशे एकतीस, मालक. गाठीपाशीच तुटला.

दादा : आता बोल.

धाकटी : बोलणार नाही म्हणाले ना.

ठेकेदार : दुसरा तुकडा लावून बघता का? एकदाच कसं, म्हणून. माझ्या समाधानासाठी.

दादा : दहा लावा. घ्या, हा दुसऱ्या गुंडाळीतला. ओढा. … किती?

ठेकेदार : सातशे अठ्ठेचाळीस. वाढलाच की. झालं, मालक. पोरांना हाक मारा, गाडी भरून घेतो. अंधार व्हायच्या आत पोचायचंय मला.

दादा : थांबा जरा.

ठेकेदार : आता काय? ताई गप्प आहेत, मी राजी आहे.

दादा : तीन ओढायचे असतात.

ठेकेदार : कोण म्हणतं?

दादा : इथे आमच्याकडे तीन ओढतात. तिन्हीतला सगळ्यात कमी आकडा लेबलावर जातो. आबांच्या वेळेपासून तसंच आहे.

ठेकेदार : मग या मालाचे ओढले होते?

दादा : नाही.

धाकटी : दादा, राहू दे. दोन झालेत. मी शब्द दिलाय.

दादा : तू गप्प बसणार होतीस ना? मग बस. ती गुंडाळी दे इकडे. वरची नको, खालची, जिथे काळ्या सुताला जोड आहे.

ठेकेदार : मालक, जोड असलेलाच कशाला शोधून काढता? भरायच्या गाडीला स्वतःच खीळ घालताय.

दादा : तुमचा मेव्हणा शोधून बसणार आहे का, जोड नसलेल्या जागी?

ठेकेदार : घ्या, ही खालची.

दादा : सुरी द्या. गाठ मी मारतो. … बटण दाब गं. तुला सांगतोय, दाब.

धाकटी : दाबलं.

दादा : वाचा.

ठेकेदार : चारशे नव्वद.