वरणाच्या वाटीचा पोचा

हसाचं असन तं आत्ताच हसून घ्या, मंग सांगतो. आमच्या मिनूसंगं मीही शबाना मॅडमच्या चित्रकलेच्या क्लासले जाऊन राहिली. पहिलाच गृहपाठ होता, नुसत्या हातानं पानभर गोल काढाचे. मिनूचे गोल अंड्यावाणी आले. मी सैपाकघरातून वाटी आणली, कागदावर पालथी ठेवली अन् पेन्सिल फिरवून पान भरून टाकलं. वरून पोरीलेच म्हटलं, "पाह्य, माहे कसे आले! तुहं ध्यान कुठी असते?" बिचारीनं सारं खोडून पुन्हा काढलं.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या क्लाससमोर मॅडमनं माह्या पानावर बोट फिरवलं. म्हणे, "ताई, हातानं काढलेला गोल दरवेळी नव्या जागी चुकते. तुमचे सारे गोल एकाच जागी काहून चुकून राहिले?"

मी म्हटलं, "हाताची सवय असन."

तेवढ्यात मिनू वाकली. "आई, हा तं माह्या वरणाच्या वाटीचा पोचा हाये!"

पोरं खिदळले. मॅडम हसल्या नाईत, अन् तेच मले जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "उद्या वाटी घेऊन या. समोर ठेवून काढा."

तवापासून रोज तीच वाटी काढून राहिली. न मागता पानभर उमटलेला पोचा आता काही केल्या जमत नाई. काल मिनूनं पान पाह्यलं, आपला खोडरबर माह्याकडे सरकवला अन् म्हणे, "आई, तुहं ध्यान कुठी असते?"